पार्टनरची झोप न मोडता: मेकॅनिकल कीबोर्ड घेण्याआधीची तयारी

कीबोर्डचे व्हिडिओ बघत बसण्याआधी पार्टनरशी बोलून घ्या. सांगलीत विश्रामबागला, वालचंद कॉलेजच्या आसपास, एका खोलीत दोन-तीन कॉट असतात. एकाला सबमिशन पुरं करायचं असतं किंवा परदेशातल्या क्लायंटचं काम रात्रीच करायचं असतं, आणि दुसरा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला पहाटे उठणारा असतो. तुमच्या कीबोर्डचा आवाज बरा की वाईट, हे त्या दुसऱ्याने ठरवायचं. त्याला नेमकं विचारा: सलग टकटक जाणवते, की मधूनच स्पेसबारचा ठोका बसतो तेव्हा जाग येते? दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हे आधी कळलं पाहिजे.

मग एका रात्री पंखा बंद ठेवून सध्याचा कीबोर्ड ऐका. उन्हाळ्यात पंख्याच्या घरघरीत बरंच काही झाकलं जातं. डिसेंबरात पंखा बंद झाला की तोच कीबोर्ड दुप्पट बोलतो. तुमचा फोन पार्टनरच्या उशीवर ठेवून रेकॉर्डिंग करा आणि ते जपून ठेवा. फोनमधल्या डेसिबलच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका, पण त्याच फोनने, त्याच जागेवरून नंतर नवा कीबोर्ड रेकॉर्ड केलात तर तुलना चोख होते. दुकानात किंवा व्हिडिओत ऐकलेल्या आवाजाचा इथे उपयोग नाही. तिथे माइक कीबोर्डला चिकटून असतो, आणि तुमच्या खोलीत खाली फरशी नि चहूबाजूंना उघड्या भिंती असतात.

आता स्विच. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कीखाली, म्हणजे बटणाखाली, एक सुटा स्विच असतो आणि त्याचे प्रकार रंगाच्या नावाने ओळखले जातात. निळा स्विच यादीतून आधीच काढून टाका. त्यात टिक असा आवाज मुद्दाम केलेला असतो. तपकिरी स्विच ‘ऑफिससाठी शांत’ म्हणून विकला जातो, पण त्यात टिक नाही एवढंच. की तळाला आपटते आणि परत वर येऊन आदळते, ते दोन्ही आवाज तसेच राहतात. लालचंही तेच. तुम्हाला हवाय तो ‘सायलेंट’ प्रकार, ज्यात आतल्या सरकत्या दांड्यालाच मऊ रबरी गाद्या बसवलेल्या असतात आणि खालचा नि वरचा, दोन्ही ठोके दबतात. कीकॅपखाली, म्हणजे कीच्या वरच्या प्लास्टिकच्या टोपीखाली, घालायच्या रबरी रिंगांनी फक्त खालचा ठोका दबतो, म्हणून तेवढ्यावर भागवू नका. चेरी कंपनीचा सायलेंट रेड (लाल) ४५ सेंटिन्यूटन जोराला चालतो आणि एकूण ३.७ मिलिमीटर दबतो; साधा रेड ४ मिलिमीटर दबतो. ज्यांचा हात जड आहे, जे की दाबत नाहीत तर ठोकतात, त्यांनी ६० सेंटिन्यूटनचा सायलेंट ब्लॅक बघावा, कारण कडक स्प्रिंगमुळे की तळाला कमी जोरात जाते. बोटाला मधे हलका अडथळा लागायला हवा असेल तर बोबा यू४ नावाचा सायलेंट स्विच आहे. पण ऑर्डर करताना नाव अक्षर न् अक्षर वाचा. त्याचाच भाऊ यू४टी मुद्दाम घुमणारा, मोठ्या आवाजाचा आहे, आणि फरक फक्त शेवटच्या ‘टी’चा.

सायलेंट स्विच बोटाला थोडे पिचपिचीत लागतात, हे आधीच मनाशी धरा. काहींना ते अजिबात रुचत नाही. म्हणून पूर्ण संच घेण्याआधी दोन-चार सुटे स्विच मागवून बोटाखाली दाबून बघा.

कीबोर्ड हॉट-स्वॅप असलेलाच घ्या, म्हणजे सोल्डरिंग न करता स्विच बदलता येतात. पण विकणाऱ्याला तीन गोष्टी विचाराच. सॉकेट, म्हणजे स्विच ज्यात खोचतात ती खाच, कुठल्याही कंपनीचा स्विच घेतं का? काही स्वस्त कीबोर्डांत फक्त आऊटेमू कंपनीचे बारीक पायांचे स्विच बसतात. कीबोर्ड ऑप्टिकल, म्हणजे की दाबल्याचं प्रकाशाने ओळखणारा, तर नाही ना? त्यात साधे मेकॅनिकल स्विच चालत नाहीत. आणि सॉकेट तीन पायांचं की पाच? पाच पायांचा स्विच तीनच्या बोर्डात बसवायचा असेल तर प्लास्टिकचे दोन जादा पाय नेलकटरने कापता येतात. तांब्याच्या दोन पायांना मात्र हात लावू नका. बसवताना ते सरळ आहेत ना हे उजेडात बघा, वाकडा पाय आत दुमडला की ती की चालत नाही.

खरी डोकेदुखी स्पेसबारची. स्पेसबार, एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस या लांब कींखाली तोल सांभाळणारी एक तार असते, स्टॅबिलायझर म्हणतात तिला. ती प्लास्टिकवर खडखडली की सगळे सायलेंट स्विच पाण्यात. इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत मराठी टाइप करणाऱ्यांनी तर शिफ्टकडेही बारीक लक्ष द्यावं: क साधा, ख शिफ्टने, ग साधा, घ शिफ्टने. पानभर मजकुरात शिफ्ट किती वेळा दाबली जाते ते मोजून बघा. कीकॅप काढून तारेच्या दोन्ही टोकांना डायलेक्ट्रिक ग्रीसचा छोटा थेंब लावला की खडखड बरीचशी जाते. ग्रीस जास्त झालं तर की वर यायला आळसते, म्हणून टूथपिकने लावा.

कव्हर पोकळ प्लास्टिकचं असेल तर आत फोमचा थर आहे का बघा. कीकॅप पीबीटी नावाच्या जाड प्लास्टिकच्या असल्या तर आवाज खालच्या पट्टीत जातो आणि कमी टोचतो.

टेबलाकडे लोक बघतच नाहीत. पत्र्याचं घडीचं टेबल पार्टनरच्या कॉटला किंवा भिंतीला टेकलेलं असेल तर हादरा थेट तिकडे पोचतो. चार बोटं फट ठेवा. कीबोर्डखाली जाड डेस्क मॅट घाला, नाहीतर जुनी सोलापुरी चादर चौपदरी घडी करून. हे आधी करून बघा. कदाचित तेवढ्यानेच भागेल आणि पैसे वाचतील. पैसे फारच कमी असतील तर चांगला मेम्ब्रेन कीबोर्ड घ्या, म्हणजे सुट्या स्विचऐवजी कींखाली रबरी पडदा असलेला. साध्या मेकॅनिकलपेक्षा तो रात्री बराच बरा.

माऊसची टिकटिकही आठवणीने बघा, सायलेंट माऊस सहज मिळतो. आणि कीबोर्डचे रंगीत दिवे रात्री बंद होतात ना, तेही.

ऑर्डरच्या आधी परत करण्याची मुदत वाचा, आणि खोकं फेकू नका. मुदतीच्या आत पंखा बंद ठेवून नेहमीच्या वेगाने टाइप करा, उशीवरचं रेकॉर्डिंग पुन्हा करा आणि सकाळी पार्टनरला विचारा. ठोका अजून येतो म्हणाला तर स्टॅबिलायझरला ग्रीस, सलग टकटक येते म्हणाला तर आणखी जड किंवा वेगळा सायलेंट स्विच, आणि टेबल हलतं म्हणाला तर आधी टेबलाच्या पायांखाली रबराचे तुकडे घाला.