व्हिनेगरातलं बीट: आधी चष्मा, मग पिशवी

यादीत सगळ्यात वर चष्मा लिहा. बीट त्याच्या खाली, पिशवी त्याच्याही खाली. गेल्या हिवाळ्यात मी चष्मा टीव्हीजवळ ठेवून दुकानात गेलो, हाताला लागली ती व्हिनेगरची शिशी उचलली आणि दीड किलो बीटची माती केली.

आठव्या दिवशी झाकण फिरवलं तर फुस्स आवाज आला. आतल्या गर्द जांभळ्या पाण्यावर कापसासारखी पांढरी लव, एका लवंगेभोवती गोल धरून बसलेली. आईनं स्वयंपाकघराच्या दारातूनच वास घेतला आणि म्हणाली, "फेकून दे बाप्पा, तुझ्या बाबांना दाखवूही नको, ते खाऊन पाहतील." वरची लव काढून खालचं वाचवावं असं माझ्याही मनात आलं होतं. तसं करायचं नसतं. बुरशी आंबटपणाच खात जाते. खालच्या फोडी कितीही देखण्या दिसोत, शिशी अख्खी रिकामी करायची.

तर व्हिनेगर. शिशी हातात घ्या, फिरवा, मागचं मुंगीएवढं अक्षर वाचा: अ‍ॅसिडिटी किती टक्के. आपल्याकडे किराण्यात मिळणारं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर बहुतेक ४ टक्क्यांचं असतं, नियमानं ३.७५ च्या खाली जाता येत नाही, एवढंच. अमेरिकेतल्या पाककृती ५ टक्के धरून चालतात आणि पुष्कळदा तसं सांगतही नाहीत. मी अशीच एक कृती पाहिली, वर स्वतःची अक्कल लावून निम्मं व्हिनेगर आणि निम्मं पाणी केलं. चाराचे झाले दोन. दोन टक्क्यांत बीट मुरत नाही, नासतं.

कैरीला स्वतःचा आंबटपणा असतो, लिंबाला असतो. बीटला काडीचा नाही, आणि वरून ते मातीत वाढलेलं. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ४.६ च्या वर राहिला तर हवाबंद शिशीत बोटुलिझमचा, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढू शकतो, आणि त्याची ना लव दिसते, ना वासाची खात्री. मला निदान बुरशी दिसली. म्हणून टक्के वाचा. दुकानदाराला विचारू नका, तो "सब एकही है भैया" म्हणतो. स्वतः वाचा.

एक किलो बीटला साधारण ४५० मिली पाणी-व्हिनेगर लागतं. शिशीवर ४ टक्के असेल तर ३७५ मिली व्हिनेगर आणि ७५ मिली पाणी, म्हणजे पाचाला एक. ५ टक्के असेल तर ३०० आणि १५०. आंबट फार झालं असं वाटलं तर साखर वाढवा, पाणी नाही. टक्का लिहिलेलाच नसेल तर ती शिशी तिथंच फळीवर ठेवून या. कुणी घरी केलेलं व्हिनेगर प्रेमानं दिलं असेल तर ते कोशिंबिरीवर घाला, यात नको. त्याचा आंबटपणा कोणी मोजलेला नसतो.

बाकी सामान किरकोळ आहे. साखर १२५ ग्रॅम, मीठ अर्धा चमचा, एक कांदा उभा चिरून, चार लवंगा, बोटभर कलमी. नागपूरच्या इतवारी बाजारात कलमीच म्हणा, दालचिनी म्हटलं तरी देतात.

बीट कॉटन मार्केटात सकाळी घ्या, थंडीचे दिवस असताना. होळीनंतर नागपुरात बीट मिळतं, पण टोपलीत दुपारपर्यंत मऊ पडतं. लिंबापेक्षा मोठं, संत्र्यापेक्षा लहान असं निवडा. नारळाएवढी मधे दोरेदार निघतात. भाजीवाल्याला देठ मुळापासून छाटू देऊ नका. दोन बोटं देठ वर राहू द्या, खालची शेपटीही राहू द्या. कापलं की शिजताना रंग पाण्यात उतरतो आणि हातात फिकट गुलाबी चकत्या येतात. हे मला गेल्या वेळीही माहीत होतं. आईचं बीट शिजवणं लहानपणापासून पाहिलंय. माहीत नव्हते ते टक्के.

भांडं स्टीलचं. आमच्याकडे गंज (म्हणजे उभं पातेलं) आहे, मोठा, त्यातच करतो. अ‍ॅल्युमिनियम, पितळ, तांबं यांत व्हिनेगर उकळू नका. काचेच्या शिश्या धुऊन १० मिनिटं उकळत्या पाण्यात बुडवून ठेवा, मग पालथ्या घाला. झाकणाच्या आतला रबर पाहा. आंब्याच्या लोणच्याचा वास मुरला असेल तर ते झाकण नको.

एक सवय मात्र घरातल्या सगळ्यांना सोडायला सांगा. आमच्याकडे कोणतंही लोणचं केलं की बरणी गच्चीवर उन्हात जाते. तेला-मिठाच्या लोणच्याला ते शोभतं. हे फ्रिजमध्ये ठेवायचं. मी शिश्या ओट्यावर ठेवल्या होत्या, आणि नागपूरचा फेब्रुवारी म्हणजे दुपारी पंखा लागतोच. उन्हाळ्यात तर विचारूच नका. शिशी बंद करून उकळत्या पाण्यात ठेवून महिनोन्‌महिने बाहेर टिकवण्याची रीत अमेरिकेत आहे. त्यांच्या कोष्टकात हजार फुटांपर्यंत ३० मिनिटं आणि त्यावर तीन हजार फुटांपर्यंत ३५ असं लिहिलंय. नागपूर ३१० मीटरवर, म्हणजे हजार फुटांच्या काठावरच. पण ती झाकणं वेगळी असतात आणि व्हिनेगर ५ टक्क्यांचंच लागतं. जॅमच्या जुन्या शिशीत तो खटाटोप नको.

आता करायचं कसं. बीट धुवा, सोलू नका, २५-३० मिनिटं उकळा, सुरी सहज शिरली की काढा. गार पाण्यात टाकून अंगठ्यानं दाबलं की साल मोज्यासारखी निघते, इथे मजा येते, पोरांना द्या. जुना शर्ट घाला. मग देठ-शेपटी काढून पाव इंचाच्या चकत्या. गंजात व्हिनेगर, मोजलेलं पाणी (मोजलेलं!), साखर, मीठ, मसाला. उकळी आली की बीट-कांदा घालून ५ मिनिटं मंद आचेवर. गरम असतानाच शिशीत भरा, वरून अर्धा इंच जागा सोडा, फोडी बुडलेल्या हव्यात. शिशीवर तारीख लिहा. निवली की फ्रिज.

आठवडाभर हात लावू नका. नंतर कोरडा चमचा. महिन्याभरात संपवा. शंका आली तर चाखून पाहू नका, फेका.

हो, आणि भरपूर खाल्लं तर दुसऱ्या दिवशी काहींना लघवी गुलाबी होते. बीटचाच रंग आहे, दुसरं काही नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. यंदाचं बीट झकास जमलं आणि बाबांनी अर्धी शिशी संपवली, पण हे सांगायचं राहिलं. सकाळी सहा वाजता ते रिक्षा बोलवायला निघाले होते.