डिझर्टेशन मार्चमध्ये लिहायला बसू नका

बडोद्यात मानसशास्त्राचं एम.ए. करताना डिझर्टेशनला, म्हणजे पदवीसाठीच्या संशोधन प्रबंधाला, मी ठरलेल्या वाटेनंच गेले: विषय, प्रश्नावली, मैत्रिणींकडून भरून घेतलेले गूगल फॉर्म आणि लिखाण थेट मार्चमध्ये. तुम्ही हा क्रम मोडा.

आधी प्रश्न. ‘विद्यार्थ्यांमधला ताण’ हा नुसता मथळा झाला. ‘नवरात्रात रोज गरबा खेळणारे विद्यार्थी एरवीपेक्षा किती कमी झोपतात?’ हा प्रश्न, कारण तो मोजता येतो.

मग साधन. मी घसरले ती इथेच. झोप म्हटलं की सगळे १९८९ च्या पिट्सबर्ग निर्देशांकाकडे, म्हणजे झोपेचा दर्जा मोजणाऱ्या प्रश्नावलीकडे, धावतात. गुण ० ते २१, ५ च्या वर गेले की झोप खराब. पण ही प्रश्नावली मागच्या महिन्याचं विचारते आणि मला हव्या होत्या नऊ रात्री! रोज सकाळी भरायची झोपेची नोंदवही घेतली असती तर काम झालं असतं. प्रश्नावलीचं भाषांतर केलंत, तर मूळ न पाहिलेल्या माणसाकडून ते उलट इंग्रजीत करून घ्या आणि मुळाशी ताडून पाहा. गुजरातीत ‘ऊंघ’ म्हणजे चक्क झोप, हिंदीत मात्र पेंग. आपल्या बडोदेकरांच्या घरात तिन्ही भाषा नांदतात, त्यामुळे एवढ्या एका शब्दावर उत्तरं फिरतात.

किती जण घ्यायचे? मध्यम फरक (प्रमाण विचलनाच्या, म्हणजे आकड्यांच्या नेहमीच्या पसाऱ्याच्या, ०.५ पट), ५ टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक दिसण्याची जोखीम) आणि ८० टक्के शक्ती (असलेला फरक सापडण्याची शक्यता) धरली, तर गरबा खेळणारे आणि न खेळणारे असे वेगळे गट करताना प्रत्येकी ६४ लागतात. तीच मुलं दोनदा मोजलीत तर ३४ पुरतात. जी-पॉवर हे फुकट सॉफ्टवेअर हा हिशेब करून देतं.

वाचनासाठी शोधगंगा हा भारतीय प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह आणि आपल्या विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय, संदर्भ सांभाळायला झोटेरो हे सॉफ्टवेअर. शोधनिबंध वाचून झाला की मिटून ठेवा आणि तीन ओळी मराठीत लिहा: काय विचारलं, कसं शोधलं, काय सापडलं. इंग्रजी मजकूर या ओळींवरून तयार करा. मग दुसऱ्याची वाक्यं उचलली जात नाहीत.

‘पद्धती’ हे प्रकरण माहिती गोळा करण्याआधीच लिहा. आकडे हातात आले की आपण नकळत गोष्ट बदलतो. निकालात एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरनं पी-मूल्य (खरा फरक नसतानाही असा निकाल येण्याची शक्यता) ०.००० दाखवलं तरी ते नेमकं शून्य नसतं, म्हणून ‘०.००१ पेक्षा कमी’ असंच लिहायचं. आणि ‘गरब्यामुळे झोप कमी होते’ हे वाक्य खोडा. तुम्ही कारण तपासलेलं नाही, म्हणून ‘गरब्याच्या रात्री झोप कमी आढळली’ एवढंच.

सारांश सगळ्यात शेवटी, २५० शब्दांच्या आत. तो घरात कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. माझा ऐकून दांडिया बाजारातल्या काकूंनी विचारलं, “ते सगळं ठीक, पण पोरं झोपली किती तास?”

तो आकडा सारांशात नव्हताच.