संत्र्याच्या बुंध्यात ट्रायकोडर्मा टाकताय? आधी शेणखतात मुरवा

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचलं की फायटोप्थोरा बुरशी जोर धरते. मुळं कुजतात, खोडावर डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक ओघळण्याचा रोग, दिसतो. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी त्यावरचा चांगला उपाय आहे, पण बरेच जण भुकटी थेट बुंध्याजवळ भुरभुरतात. ते जवळपास वायाच जातं, कारण या मित्रबुरशीला सेंद्रिय खाद्य आणि ओल लागते.

म्हणून मे अखेरीस, सावलीत, 100 किलो चांगलं कुजलेलं शेणखत घ्या. ताजं शेण नको, ते तापतं. त्यात 1 किलो ट्रायकोडर्मा मिसळा आणि मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण पाणी गळणार नाही इतकंच पाणी शिंपडा. ओल्या गोणपाटानं झाका, चार-पाच दिवसांनी एकदा खालीवर करा. दहा-पंधरा दिवसांत पांढरी-हिरवट वाढ दिसते. पाऊस पडून जमीन ओली झाली की हे खत खोडाला न चिकटवता फांद्यांच्या घेराखाली, बारीक मुळं असतात तिथं मातीत मिसळा.

चुनखडीच्या जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) अडकून बसतो, झाडाला मिळत नाही. तिथं स्फुरद विरघळवणारे जिवाणूही याच खतातून देता येतात.

पाकिटावरची शेवटची तारीख बघूनच घ्या. दुकानाच्या तापलेल्या पत्र्याखाली पडलेला माल निम्मा मेलेला असतो. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी (मुळांशी द्रावण ओतणं) मात्र याच्यासोबत नको, ते ट्रायकोडर्मालाही मारतं. आणि चर काढून पाण्याचा निचरा केला नसेल, तर आधी कुदळ घ्या.