या चुका टाळा : इस्पितळात बाईला घरातल्या मारहाणीबद्दल विचारताना

नवरा किंवा सासू शेजारी उभी असताना 'घरी काही त्रास आहे का?' असे बाईला कधीही विचारू नका. सगळ्यांत घातक चूक हीच, म्हणून आधी सांगते. ती 'नाही' म्हणणार, केसपेपरवर 'नाही' लिहिले जाणार आणि घरी पोचल्यावर 'नर्सने तुला असं का विचारलं?' म्हणून तिची झडती सुरू होणार. पुढच्या वेळी मार बसला तरी ती आपल्याकडे येणार नाही.

तिला एकटीला भेटायचे, तर नवऱ्याला थेट 'तुम्ही बाहेर थांबा' म्हणूनही चालत नाही. त्याला लगेच वास येतो. लघवीचा नमुना, वजन, एक्स-रे, ड्रेसिंग, गरोदर बाईचे पोट तपासणे अशी रोजची कारणे आपल्याकडे आहेतच, ती वापरा. 'प्रत्येक रुग्णाला काही वेळ एकट्याने तपासले जाते' असा फलक ओपीडीच्या दारावर लावला, तर कोणा एकाला वेगळे काढल्यासारखे वाटत नाही. पडद्याआड म्हणजे एकांत नव्हे, पलीकडच्या खाटेवर सगळे ऐकू जाते. बोलायला लागलेले मूल सोबत असेल तर त्यालाही दुसऱ्या नर्सकडे द्या, कारण ते घरी जाऊन ऐकलेले जसेच्या तसे सांगते. आणि आज एकांत मिळतच नसेल तर आज विचारू नका. टाके काढायला, ड्रेसिंगला, रक्ताच्या तपासणीला परत बोलवा आणि तेव्हा विचारा.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. पेडणे, सत्तरी, डिचोलीत इस्पितळातला शिपाई किंवा आया बऱ्याचदा त्याच वाड्यावरची निघते, आणि तिच्यासमोरच बाईला विचारले जाते. बायणा किंवा झुआरीनगरातून आलेल्या बाईला बऱ्याचदा फक्त कानडी येते, मग घाईत जावेला किंवा दहा वर्षांच्या मुलीला दुभाषी केले जाते. हे दोन्ही टाळायलाच हवे. भाषा येणारी, पण त्या घराशी संबंध नसलेली नर्स दुसऱ्या विभागातून बोलवा, आणि ऐकलेले बाहेर जाता कामा नये हे तिला आधीच बजावा.

आता प्रश्नाबद्दल. 'तुमच्यावर कौटुंबिक हिंसाचार होतो का?' हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकातला आहे. नवऱ्याने थोबाडीत मारली तर तो हिंसाचार, असे पुष्कळ बायका मानतच नाहीत. साधे, कोंकणीत विचारा : 'घरांत कोणाचो भंय दिसता?' (घरात कोणाची भीती वाटते का?) 'कोण मारता, धुकलता, गळो धरता?' (कोणी मारते, ढकलते, गळा धरते का?) त्याआधी एक वाक्य पुरते : 'अशा जखमा बघितल्यावर आम्ही सगळ्यांनाच हे विचारतो, बाय.' आणि उत्तर आल्यावर 'पण त्यानं का मारलं?' हे तोंडातून निघू देऊ नका. त्या एका प्रश्नाने दोष तिच्या पदरात पडतो. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही' एवढे म्हणा, थांबा आणि ऐका.

कोणाला विचारायचे, यातही गोंधळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचना दारात आलेल्या प्रत्येक बाईला सरसकट विचारा असे सांगत नाहीत. खुणा दिसल्या की विचारा, असे सांगतात. गरोदर बायकांचा विचार त्या वेगळा करतात, कारण तिथे पुन्हापुन्हा भेट होते. खुणा पुष्कळ आहेत : सांगितलेल्या कारणाशी न जुळणारी जखम, वेगवेगळ्या रंगांचे, बहुधा वेगवेगळ्या दिवसांचे वळ, हात आडवा धरल्याने मनगट-कोपराच्या मधल्या भागावर बसलेला मार, उशिरा झालेली गरोदरपणाची नोंदणी, वारंवार गर्भपात, कारण न सापडणारी ओटीपोटाची दुखणी, झोप न येणे. विष प्यायलेली किंवा भाजलेली बाई आली, तर ती शुद्धीवर असताना आणि एकटी असताना विचारायलाच हवे. 'आत्महत्येचा प्रयत्न केलास म्हणून तुझ्यावर केस होईल' असे तिला घाबरवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार असा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे धरून चालायचे असते आणि तिला शिक्षा द्यायची नसते.

'आमच्या गोव्यात असले प्रकार नसतात, हे बाहेरच्यांचे' हे वाक्य ड्युटी रूममध्ये अजून ऐकू येते, आणि मला ते फार खटकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्यातल्या नवऱ्याच्या मारहाणीचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरेच कमी आले, हे खरे. पण त्याच सर्वेक्षणात देशभरात मार किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम 14 टक्क्यांनी कोणाची मदत मागितली होती. उरलेल्या बायका ताप, कंबरदुखी आणि टाके यांच्या निमित्ताने आपल्याच समोर बसतात.

गळा दाबल्याची गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी, कारण इथे जीव जातो. गळ्यावर एकही वळ नसताना आतल्या रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते आणि काही दिवसांनी पक्षाघात येऊ शकतो. आवाज बसला आहे का, गिळताना दुखते का, डोळ्यांत किंवा पापण्यांवर रक्ताचे बारीक ठिपके आहेत का, त्या वेळी शुद्ध हरपली किंवा लघवी झाली का, हे विचारून तपासा. 'गळा धरला होता' असे बाईने म्हटले की पेनकिलर देऊन घरी पाठवायचे नाही, वरच्या केंद्रात पाठवायचे. ज्या बाईचा गळा एकदा दाबला गेला, तिचा पुढे त्याच माणसाकडून खून होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. शस्त्राची धमकी, गरोदरपणात मारहाण, अलीकडे वाढत गेलेला मार, ही धोक्याची बाकीची चिन्हे. ती असली तर 'आज रात्री घरी जायला भीती वाटते का?' हे विचारल्याशिवाय डिस्चार्ज करू नका.

'कोणालाच कळणार नाही' असे वचन देणे ही चांगल्या मनाने होणारी चूक. ती बोलायच्या आधीच मर्यादा सांगा. मुलगी 18 वर्षांखालची असेल आणि लैंगिक अत्याचार असेल तर पॉक्सो कायद्याखाली कळवणे बंधनकारक आहे. मारहाणीची जखम असली की इस्पितळात एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी नोंद) होते; पण एमएलसी म्हणजे तक्रार नव्हे, पोलिसांना जबाब द्यायचा की नाही हे ती ठरवू शकते, हेही सांगा. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखालील नियम 17 प्रमाणे आधी हिंसाचाराच्या घटनेचा अहवाल नोंदवलेला नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. अहवाल नसेल तर इस्पितळाच्या प्रमुखाने नमुना 1 (त्या अहवालाचाच फॉर्म) भरून या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो आणि तपासणीच्या अहवालाची प्रत बाईला फुकट द्यायची असते. हा नमुना तिच्या पाठीमागे भरू नका. तिच्यासमोर, तिच्या शब्दांत भरा.

नोंदी कोर्टात कित्येक वर्षांनी उघडल्या जातात. 'घरगुती भांडण' लिहिलेल्या कागदाचा तिला काही उपयोग नाही. 'नवऱ्याने काल रात्री लाकडाने मारले असे रुग्ण सांगते' असे लिहा, जखमेची जागा, लांबी-रुंदी, रंग लिहा, शरीराच्या आकृतीवर खूण करा. मात्र हे सारे इस्पितळाच्या नोंदीत. बाईच्या पिशवीतून घरी जाणाऱ्या कागदावर नको, कारण तो कागद नवराच वाचतो. फोन नंबर घेताना तो कोणाचा आणि कधी केलेला चालेल हे विचारा; बऱ्याचदा तो नवऱ्याचाच असतो.

मग पुढे कुठे? हातात चिठ्ठी देऊन 'या नंबरावर फोन करा' म्हणणे म्हणजे पाठवणे नव्हे. आपल्याच फोनवरून, तिच्या संमतीने, तिच्यासमोर 181 महिला हेल्पलाइनला लावा. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये समुपदेशन, कायद्याची मदत आणि पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय असते. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, नंबर 15100. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही. 'घर त्याच्या नावावर आहे, मी कुठे जाऊ?' हे तिच्या तोंडी हमखास येते. 2005 च्या कायद्याने घर कोणाच्याही नावावर असले तरी तिथे राहण्याचा तिला हक्क आहे. शिवाय गोव्याच्या नागरी संहितेखाली लग्न झाले असेल आणि लग्नाआधी वेगळा करार नसेल, तर सर्वसाधारणपणे मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते. सल्ला वकिलानेच द्यावा, पण दार बंद नाही एवढे आपण सांगू शकतो.

वॉर्डात नवऱ्याला बोलावून दोघांची समजूत घालू नका. हेतू कितीही चांगला असो, ती जे बोलली ते अशाने त्याच्यापर्यंत पोचते.

ती 'नाही, पडले' म्हणाली, तर उलटतपासणी नको. 'कधी वाटलं तर इथे ये, माझी ड्युटी सकाळची असते' एवढे पुरे. बोलली आणि तरी घरी परत गेली, तर रागावू नका. मुलांची शाळा, पैसा, माहेरचे दार या सगळ्याचा हिशेब तिने केलेला असतो. तिच्याबरोबर बसून ठरवा : आधार आणि बँकेचे कागद कुठे ठेवायचे, मुलांनी कोणाच्या घरी धावायचे, 112 कोणी लावायचा.

आणि भिंतीवर चिकटवलेले नंबर महिन्यातून एकदा स्वतः लावून पाहा, रात्रपाळीतही. लागत नसलेला नंबर त्याच दिवशी काढून टाका आणि कोण उचलते त्याचे नाव नर्सिंग स्टेशनच्या वहीत लिहून ठेवा.