पिकअपचं खरं रिकामं वजन

संत्र्याचे क्रेट भरून काटोलला निघालो की पिकअप मागून बसायची. पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) तर चांगले होते. मग टाकी फुल करून रिकामी गाडीच कापसाच्या जिनिंगवरच्या धर्मकाट्यावर (गाडी तोलायच्या वजनकाट्यावर) घातली. आरसीवरच्या रिकाम्या वजनापेक्षा आकडा बराच जास्त! छतावरचं कॅरिअर, पुढचा गार्ड अन् हौद्यात अंथरलेला ३ मिमी लोखंडी पत्रा. असा पत्रा चौरस मीटरला सुमारे २४ किलो भरतो, म्हणजे अख्ख्या हौद्याला जवळपास क्विंटलभर. म्हणजे माल भरण्याआधीच तेवढी मालाची जागा वजनात गेली. सोबतचा माणूसही त्याच हिशेबात धरावा लागतो. पत्रा आणि कॅरिअर काढलं, पातळ रबरी चटई टाकली. आता गाडी सरळ उभी राहते. वेल्डिंगवाले भाऊ जादा पाटा टाका म्हणत होते, पण त्यानं आरसीवरची एकूण वजनमर्यादा वाढत नाही. ब्रेक अन् अ‍ॅक्सल तेच राहतात.