नाव वरच्या थरावरून पडतं

झूलॉजी घेऊन रत्नागिरीत एफवायला आलो तेव्हा ‘अभिस्तर ऊती’, म्हणजे शरीर बाहेरून आणि अवयव आतून झाकणारे पेशींचे थर, नववीपासून पाठ होत्या. वर्गात मात्र ‘सिंपल स्क्वेमस एपिथेलियम’ ऐकू आलं आणि हे काहीतरी वेगळंच प्रकरण आहे असं समजून मी पंधरा दिवस घाबरून काढले. मराठी शाळेतून आलेल्या सगळ्यांचं तेच. म्हणून आधी वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखा: अभिस्तर म्हणजे एपिथेलियम, पट्टकी म्हणजे स्क्वेमस, घनाभ म्हणजे क्युबॉइडल, स्तंभीय म्हणजे कॉलम्नर, रोमक म्हणजे सिलिएटेड. निम्मी भीती तिथेच जाते.

उरलेली निम्मी पहिल्या प्रॅक्टिकल परीक्षेने घालवली, माझे मार्क घेऊन. स्पॉटिंगला, म्हणजे बघून ओळखायच्या प्रश्नाला, त्वचेची स्लाइड होती. तळाच्या पेशी ठेंगण्या, चौकोनी दिसल्या म्हणून ‘स्ट्रॅटिफाइड क्युबॉइडल’ लिहून मोकळा झालो. थर अनेक असले, म्हणजे स्ट्रॅटिफाइड असलं, की नाव सगळ्यात वरच्या थरावरून पडतं, हे वाचलेलं होतं, डोळ्यांत उतरलं नव्हतं. त्वचेच्या वरच्या पेशी चपट्या, म्हणून ती स्ट्रॅटिफाइड स्क्वेमस.

तेव्हापासून स्लाइड लावली की आधी मोकळी बाजू शोधतो. पेशींची रांग संपून रिकामी जागा कुठे सुरू होते ते बघायचं. मग उलट्या दिशेला बेसमेंट मेंब्रेन, म्हणजे पेशी ज्यावर उभ्या असतात तो पातळ पडदा. या दोहोंच्या मध्ये थर किती ते मोजायचं आणि आकार शेवटी बघायचा. मी मनात घरचीच चित्रं धरली: जांभ्याच्या चिऱ्यांची एकच ओळ म्हणजे क्युबॉइडल, खेटून उभी पोफळीची रांग म्हणजे कॉलम्नर. मूत्रपिंडाच्या नलिका आडव्या कापल्या की हेच चिरे वर्तुळात मांडल्यासारखे दिसतात.

फसवते ती श्वासनलिका. केंद्रकं वर-खाली असल्याने दोन-तीन थर वाटतात, पण प्रत्येक पेशीचा पाय त्याच पडद्याला टेकलेला असतो. म्हणून स्यूडोस्ट्रॅटिफाइड, खोटे थर. वर रोम, म्हणजे केसांसारखे बारीक तंतू, दिसले आणि मधे चिकट द्रव सोडणाऱ्या गॉब्लेट पेशी दिसल्या तर शंका नको. मूत्राशयाचा ट्रान्झिशनल प्रकारही लक्षात ठेवा: पिशवी रिकामी असताना वरच्या पेशी घुमटासारख्या, भरून ताणली की चपट्या.

कार्यं वेगळी पाठ करू नका, जागेवरून ती कळतात. फुप्फुसाच्या वायुकोशातून ऑक्सिजन पलीकडे जायचा, तर भिंत एकाच चपट्या थराची, म्हणजे सिंपल स्क्वेमस. आतड्यात शोषण, म्हणून उंच पेशी आणि त्यांच्या टोकाला मायक्रोव्हिली, म्हणजे बोटांसारखे अतिसूक्ष्म उंचवटे. जिथे घासणं तिथे थरावर थर. कातळाच्या सड्यावर अनवाणी फिरलेल्या माझ्या आजोबांच्या टाचा बघितल्या असत्यात तर केरॅटिन, म्हणजे त्वचा टणक करणारं प्रथिन, काय ते सांगावं लागलं नसतं. या ऊतीत रक्तवाहिन्या नसतात, पोषण खालच्या संयोजी ऊतीतून झिरपत येतं. नुसतं वरवरचं खरचटलं तर रक्त येत नाही, ते यामुळेच.

या उत्साहात एकदा घरी बांगडे साफ करताना आईला म्हटलं, ‘‘हे खवले म्हणजे एपिथेलियम.’’ ती म्हणाली, ‘‘आधी बांगडे साफ कर, मगे सांग काय ता.’’ बरं झालं तिने ऐकलं नाही, कारण ते चूक होतं. माशाचे खवले खालच्या त्वचास्तरात, डर्मिसमध्ये, तयार होतात. एपिथेलियम म्हणजे त्यांच्यावरचा नाजूक पापुद्रा आणि हाताला लागणारा बुळबुळीतपणा सोडणाऱ्या पेशी.

पहिली स्लाइड स्वतःच्या गालाचीच करा. चूळ भरा, टूथपिकच्या बोथट टोकाने गाल आतून हलकेच खरवडा, ते काचेवरच्या पाण्याच्या थेंबात पसरा आणि मिथिलीन ब्लूचा थेंब घाला. कव्हरस्लिप तिरकी टेकवून सावकाश सोडा. मी ती सरळ टाकली होती आणि हवेच्या बुडबुड्याभोवती नीटस लेबलं काढून जर्नल सही करायला नेलं होतं.