शिकागोच्या आरएसएनएला जाताय? आधीचा शनिवार जुन्या मित्रमैत्रिणींना द्या

आरएसएनएला, म्हणजे रेडिओलॉजिकल सोसायटी ऑफ नॉर्थ अमेरिका या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेच्या वार्षिक अधिवेशनाला, संशोधनाचं पोस्टर स्वीकारलं गेलं की आमच्याकडचे रेसिडेंट व्हिसा, तिकीट आणि थंडीचे कपडे यांच्या मागे लागतात. माझं सांगणं असं, की व्हिसा हातात आला की तिकीट काढायच्या आधी तिकडे असलेल्या आपल्या एमबीबीएसच्या बॅचमेटना कळवा. तिकीट कुठल्या दिवसाचं काढायचं ते त्यांच्या उत्तरावरून ठरू द्या.

अधिवेशन थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी सुरू होतं आणि गुरुवारपर्यंत चालतं. थँक्सगिव्हिंग हा तिकडचा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो आणि बऱ्याच जणांना शुक्रवारचीही सुट्टी असते. म्हणजे तुमचं काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तिकडची माणसं बहुधा घरी सापडतात. सोमवारपासून ती कामावर, आणि तुम्ही मॅकॉर्मिक प्लेस या अधिवेशनस्थळाच्या अवाढव्य इमारतींमध्ये एका सत्रातून दुसऱ्या सत्रात. ‘संध्याकाळी भेटू’ हे तिथे सहसा जमत नाही.

डॉक्टर मैत्रिणीचं वेळापत्रक मात्र वेगळं असतं. हॉस्पिटलिस्ट, म्हणजे फक्त भरती झालेले पेशंट बघणारी डॉक्टर, असेल तर अनेक ठिकाणी सात दिवस सलग ड्युटी आणि सात दिवस सुट्टी अशी पाळी असते. रेसिडेंट असेल तर सणाच्याच दिवशी कॉल, म्हणजे इमर्जन्सीची ड्युटी, लागलेला असू शकतो. म्हणून ‘कधी मोकळी आहेस?’ असं मोघम विचारण्यापेक्षा ‘तुझा कॉल कधी आहे?’ असं विचारा.

बॅचच्या ग्रुपवर ‘येतेय शिकागोला, कोण कोण भेटणार?’ असं टाकलं की अंगठे भरपूर येतात, भेट एकही ठरत नाही. प्रत्येकीला वेगळं लिहा. माझा निरोप साधारण असा असतो: ‘अगं, आरएसएनएला येतेय. शनिवारी दिवसभर मोकळी आहे, ट्रेनने तुझ्याकडे येऊ शकते. जमत नसेल तर मोकळेपणाने सांग, मी राग धरणार नाही.’ यात ऑब्झर्व्हरशिप (तिथल्या हॉस्पिटलात नुसतं बघून शिकणं), शिफारसपत्र, ओळख यातलं काहीही घालू नका. तशी गरज खरोखर असेल तर भेटीच्या बऱ्याच आधी वेगळं, स्पष्ट लिहा, म्हणजे तिला नाही म्हणायला जागा राहते. परदेशी रेडिओलॉजिस्टसाठी एबीआरचा, म्हणजे अमेरिकन बोर्ड ऑफ रेडिओलॉजीचा, प्रमाणपत्र मिळवण्याचा पर्यायी मार्ग असतो, त्याचे नियम त्यांच्या संकेतस्थळावर वाचून घ्या. तिला विचारायचं ते तिथलं रोजचं काम कसं असतं, हे.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तुमच्या बॅचमधली कुणीतरी नवऱ्याबरोबर तिकडे गेलेली असेल आणि घरी बसून यूएसएमएलई, म्हणजे तिथल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षा, देत असेल. रेसिडेन्सीचे अर्ज सप्टेंबरात जातात, मुलाखती साधारण ऑक्टोबर ते जानेवारी चालतात आणि मॅचचा, म्हणजे कुणाला कुठे जागा मिळाली याचा, निकाल मार्चमध्ये लागतो. तुम्ही जाता ते दिवस तिचे मुलाखतींची वाट पाहण्याचे असतात. ‘मग, मुलाखतीचे किती कॉल आले?’ हा प्रश्न तिने स्वतः विषय काढेपर्यंत विचारू नका. तिच्या घरी तुम्ही गळ्यात ओळखपत्र अडकवून येणारी कन्सल्टंट नसता, लेडीज हॉस्टेलमधली शेजारच्या खोलीतली मुलगी असता. तिला तीच हवी असते.

माझी मैत्रीण, तीही रेडिओलॉजिस्टच, नेपरव्हिलला राहते, शिकागोच्या पश्चिमेला. आम्ही मिरजेला एका खोलीत राहिलो, एकाच टेबललँपखाली ॲनाटॉमी पाठ केली. ओहेअर विमानतळावर घ्यायला येते म्हणून ती हटून बसली होती, पण त्या आठवड्यात विमानतळावर झुंबड असते. ब्लू लाइन ही शहरी रेल्वे थेट विमानतळातून शहरात येते, आणि युनियन स्टेशनहून मेट्रा या उपनगरी रेल्वेच्या बीएनएसएफ मार्गावर नेपरव्हिल आहे. सुट्टीच्या दिवशी गाड्या कमी असतात, तेव्हा परतीची वेळ निघतानाच बघून ठेवा. भेट दुपारच्या जेवणाची ठरवा. आपल्यात आणि शिकागोत हिवाळ्यात साडेअकरा तासांचा फरक पडतो, पहिल्या संध्याकाळी सात वाजताच डोळे मिटायला लागतात. मी सांगलीचं भडंग नेलं होतं. विमानतळावर कस्टम्सला खाऊ आहे असं सरळ सांगायचं. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ नेऊ नयेत.

तिच्या नवऱ्याला आमच्या हॉस्टेलच्या गोष्टी ठाऊक नव्हत्या, म्हणून जेवताना आम्ही त्या आवरत्या घेतल्या आणि त्याच्या कामाबद्दल, मुलांच्या शाळेबद्दल बोललो. भांडी आवरल्यावर आम्ही दोघीच उरलो. तिथे मला जे ऐकायला मिळालं ते कुठल्याच सत्रात मिळालं नसतं. ती म्हणाली, कित्येक वर्षांत तिने सोनोग्राफीचा प्रोब हातात धरलेला नाही. तिकडे स्कॅन बहुतेक वेळा तंत्रज्ञ करतात आणि रेडिओलॉजिस्ट चित्रं बघून रिपोर्ट देतो. मी दिवसभर प्रोबच धरते, शिवाय प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म भरते, गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याप्रमाणे. ‘पेशंट बोलतात का गं तुझ्याशी अजून?’ तिने विचारलं. बोलतात, म्हटलं, रांग थांबली तरी बोलतात. ती बराच वेळ त्याच विषयावर होती. मग तिने तिचं काम सांगितलं: एकापाठोपाठ एक सीटी, मोठे आकडे, पण शंका आली तर विचारायला शेजारी त्याच अवयवातला तज्ज्ञ. माझ्या गावात ते सुख नाही, आणि मी ते तिला सांगितलं. तिकडे जायचं की इकडेच राहायचं याचा खल करणाऱ्या प्रत्येक रेसिडेंटने असं संभाषण एकदा तरी करावं, आणि तेही अशा माणसाशी, ज्याला तुमच्यावर छाप पाडायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी अधिवेशनात काय ऐकायचं हेही मला नीट कळलं. मी अल्ट्रासाउंडची सत्रं निवडली, कारण माझं काम तेच आहे.

रजेचं मात्र आधीच बघा. कॉन्फरन्सची रजा सहसा अधिवेशनाच्या दिवसांपुरतीच मिळते. आधीच्या दिवसांची वैयक्तिक रजा वेगळी टाका आणि विभागप्रमुखांना कारण खरं सांगा. बी१/बी२ (कामकाज आणि पर्यटनाच्या) व्हिसावर अधिवेशन आणि भेटीगाठी दोन्ही चालतात, इमिग्रेशनला विचारलं तर दोन्ही सांगायचं. मैत्रिणीबरोबरचा फोटो ग्रुपवर टाकायच्या आधी तिला विचारा. ज्यांना भेटता आलं नाही त्यांना तुम्ही शिकागोत होता हे ग्रुपवरून कळू नये, शक्यतो तुमच्याकडूनच कळावं.

अमेरिकेला जायला अजून अवकाश असेल तर आयआरआयएचं, म्हणजे भारतातल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेचं, वार्षिक अधिवेशन आहेच. ते आपल्या देशात वेगवेगळ्या शहरांत होतं, आणि प्रत्येक मोठ्या शहरात आपल्या बॅचचं कुणी ना कुणी असतं. तिथे रात्रीच्या जेवणाला बोलावू नका, संध्याकाळी बहुतेक जण कंपन्यांच्या जेवणांना जातात. सकाळी सत्र सुरू व्हायच्या आधी नाश्त्याला बोलवा, तिच्या हॉस्पिटलच्या वाटेवरच्या एखाद्या हॉटेलात.